पिधान

'पिधान' हा शब्द मला प्रथम भेटला तो पंचांगात नव्हे, साहित्यशास्त्रात. पिधान म्हणजे झाकण, आच्छादन. त्याच धातूपासून आलेला 'पिहित' नावाचा एक अलंकार रुद्रटाने सांगितला आहे आणि पुढे अप्पय्य दीक्षितांनीही सांगितला आहे. दोघांच्या व्याख्या एकमेकींशी जुळत नाहीत. रुद्रटाच्या लेखी एका गुणाने दुसरा गुण झाकला जातो. दीक्षितांच्या लेखी, दुसऱ्याने लपविलेले आपण ओळखले आहे हे एखाद्या सूचक कृतीने दाखविणे म्हणजे पिहित. विद्यार्थ्यांना हा भेद शिकविण्यात माझी बरीच वर्षे गेली. झाकणारा आणि झाकले गेलेले ओळखणारा, यांपैकी अलंकार कोणाचा, असा प्रश्न मी दरवर्षी फळ्यावर लिहीत असे. त्याचे उत्तर देण्याची वेळ एका गच्चीवर, अंधारात, माझ्यावरच येईल असे मात्र कधी वाटले नव्हते.

माझी धाकटी बहीण लग्न होऊन चेन्नईला गेली तेव्हा त्या शहराचे नाव मद्रास होते. तिचे सासर तंजावरी मराठ्यांचे. या घरात मराठी बोलली जाते, परंतु ती आपल्या कानांना प्रथम परकी वाटते. शब्द एखाद्या जुन्या बखरीतून उठून आलेले आणि हेल मात्र कावेरीकाठचा. तिचा मुलगा, माझा भाचा, दिवसा संगणकाच्या कामात असतो आणि रात्री आकाशाच्या. नंगनल्लूरच्या त्यांच्या घराची गच्ची (तिला ते 'मोट्टै माडी' म्हणतात) ही त्याची वेधशाळा. विमानतळ जवळ असल्यामुळे दर काही मिनिटांनी एक विमान डोक्यावरून दिवे लुकलुकवीत उतरते. समुद्राचे बाष्प तर कायमचेच. अशा ठिकाणी आकाशनिरीक्षण करणे म्हणजे बाजारात बसून ध्यान करण्यासारखे आहे. भाचा ते वर्षानुवर्षे करीत आला आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत मी तेथे होतो. तो म्हणाला, "मामा, परवा रात्री एक पिधान आहे. दुसऱ्या दुर्बिणीवर कोणी नाही. तुम्ही बसाल का?"

मी म्हणालो, "अरे, मला आकाशातलं काय कळतं? सप्तर्षी दाखवलेस तर ओळखीन."

"कळायला काही नको. एक तारा बघत राहायचं. तो गेला की 'गेला' म्हणायचं, आला की 'आला' म्हणायचं. बस."

गोष्ट अशी असते. मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांमध्ये लक्षावधी लघुग्रह फिरत आहेत. त्यांपैकी एखादा कधी कधी दूरच्या एखाद्या ताऱ्याच्या नेमका पुढून जातो आणि काही सेकंद त्या ताऱ्याला झाकतो. तारा इतका दूर असतो की त्याचे किरण आपल्यापर्यंत समांतरच येतात, म्हणून लघुग्रहाची पृथ्वीवर पडणारी सावली लघुग्रहाएवढीच रुंद असते. सत्तर किलोमीटरचा खडक असेल तर सत्तर किलोमीटरचा पट्टा. ही सावली सेकंदाला दहा-पंधरा किलोमीटर, कधी त्याहूनही अधिक वेगाने जमिनीवरून, समुद्रावरून, झोपलेल्या गावांवरून निघून जाते आणि कोणालाही कळत नाही. ज्याची दुर्बीण त्या वेळी त्या ताऱ्यावर रोखलेली आहे त्याला तेवढे दिसते, की तारा विझला आणि पुन्हा लागला. तो किती वेळ विझला हे मोजले की त्या खडकाची त्या रेषेवरची लांबी मिळते. भूमितीच्या भाषेत ती एक जीवा. दुसरा निरीक्षक वीस किलोमीटर दक्षिणेला असेल तर त्याची दुसरी जीवा. अशा पुरेशा जीवा मिळाल्या की, मोठ्यातल्या मोठ्या दुर्बिणीलाही जो केवळ ठिपका दिसतो, त्याची आकृती कागदावर उभी राहते. १९५८ साली स्वीडनमध्ये जूनो या लघुग्रहाने केलेले पिधान हे या प्रकारचे पहिले यशस्वी निरीक्षण. पुढे हे काम बव्हंशी हौशी लोकांनीच चालविले आहे, कारण सावलीच्या वाटेवर वेधशाळा असतेच असे नाही, आणि हौशी माणूस दुर्बीण उचलून सावलीच्या वाटेवर जाऊन बसतो. जे तारा गेला नाही असे सांगतात त्यांचेही मोल कमी नसते. सावलीची कड कोठे संपली हे त्यांच्यावाचून कळत नाही.

पूर्वी ही भाकिते अर्ध्या-अर्ध्या देशाने चुकत. ताऱ्यांची स्थानेच तेवढ्या काटेकोरपणे ठाऊक नव्हती. हिपार्कस उपग्रहाची तारकासूची १९९७ मध्ये आली, गाइयाची पहिली २०१६ मध्ये, दुसरी २०१८ मध्ये, आणि सावली कोणत्या तालुक्यातून जाईल हे सांगता येऊ लागले. २०१७ च्या जुलैत अर्जेंटिनाच्या चुबूत प्रांतात अरोकोथ या, तेव्हा नाव नसलेल्या, पृथ्वीपासून सहा अब्ज किलोमीटरांहून दूर असलेल्या गोळ्याची सावली अशीच पकडली गेली. वारा आणि दिव्यांचा झोत अडावा म्हणून तेथील लोकांनी दुर्बिणींशेजारी ट्रक उभे केले होते. जुळलेल्या जीवांतून दोन लोंबते गोळे एकमेकांना चिकटलेले असावेत असा तर्क निघाला. दीड वर्षाने यान तेथे पोहोचले तेव्हा तो खरा ठरला.

पिधानाच्या आदल्या दिवशी भाच्याने मला नुंगंबाक्कमला नेले. कॉलेज रोडवर हवामान खात्याच्या आवारात मद्रास वेधशाळेचा ग्रॅनाइटचा स्तंभ अजून उभा आहे. या स्तंभावर एके काळी याम्योत्तर वेध घेण्याचे यंत्र बसविलेले होते. ईस्ट इंडिया कंपनीची ही वेधशाळा १७९२ ची. तिचा आराखडा मायकेल टॉपिंगचा. स्तंभावर लॅटिन, तमिळ, तेलुगू आणि फारसी लिपीत मजकूर कोरलेला आहे. माझ्यातला भाषेचा मास्तर लगेच जागा झाला. येथे मराठी नाही, हे साहजिकच. परंतु अवघ्या अकरा वर्षांनी, १८०३ मध्ये, सरफोजीराजांनी तंजावरच्या बृहदीश्वराच्या भिंतींवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला, हे आठवल्यावाचून राहिले नाही. एकाच प्रदेशात, एकाच दशकाच्या आसपास, दोन सत्ता दगडावर लिहीत होत्या. एक आपल्या पूर्वजांविषयी, दुसरी आपल्या विज्ञानाविषयी. दोन्ही ठिकाणी वाचणारा कोण असेल याचा हिशेब थोडा चुकलेला दिसतो.

या वेधशाळेच्या घड्याळावर एके काळी सबंध हिंदुस्थानची आगगाडी चालत होती. मद्रास वेळ ग्रिनिचच्या पाच तास एकवीस मिनिटे पुढे, मुंबईची चार तास एकावन्न मिनिटे. १८८१ मध्ये मुंबईत सरकारी कामकाजाला मद्रास वेळ लावण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा मुंबईकरांनी तो हाणून पाडला. पुढे १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईने स्वतःची वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. आपल्या वेळेचा असा अभिमान बाळगणाऱ्या समाजात सभा मात्र कधीच वेळेवर सुरू होत नाही, हा माझा जुना आक्षेप येथे नोंदवून ठेवतो.

नॉर्मन पॉग्सन या वेधशाळेत आला तो १८६१ मध्ये. ताऱ्यांच्या प्रतींचे जे गणित आजही चालते, एका प्रतीचा फरक म्हणजे सुमारे अडीचपट तेज, ते त्याचे. आल्यावर दोन-तीन महिन्यांतच, एप्रिलमध्ये, त्याला एक लघुग्रह सापडला. आशिया खंडातून शोधला गेलेला पहिला म्हणून त्याचे नाव 'आशिया'. त्यानंतर सॅफो, सिल्व्हिया, कॅमिला आणि खूप वर्षांनी, १८८५ मध्ये, व्हेरा. तीस वर्षे तो येथे राहिला आणि १८९१ मध्ये येथेच वारला. त्याचा साहाय्यक चिंतामणी रघुनाथाचारी याने १८६७ मध्ये 'आर रेटिक्युली' हा रूपविकारी तारा शोधला आणि १८७४ च्या शुक्राच्या अधिक्रमणावर सामान्य वाचकांसाठी पुस्तिका लिहिली. तीत एक पारंपरिक सिद्धांती प्रश्न विचारतो आणि त्याला नव्या खगोलाची उत्तरे मिळतात. मला ही कल्पना फार आवडली. गुरुशिष्यसंवादाचे आपले जुने रूप नव्या आशयासाठी वापरणारा तो माणूस साहित्याच्या इतिहासातही कोठेतरी नोंदला जायला हवा होता.

परंतु माझे मन अडकले ते सॅफोच्या नावाशी. १८६४ च्या मे महिन्यात, नुंगंबाक्कमच्या उकाड्यात, एका इंग्रज ज्योतिर्विदाने एका फिरत्या ठिपक्याला ग्रीक कवयित्रीचे नाव दिले. सॅफोची पूर्ण अशी एकच कविता आज आपल्या हाती आहे. बाकी सारे तुकडे. कोणा वैयाकरणाने उदाहरण म्हणून घेतलेली ओळ, इजिप्तच्या वाळूत सापडलेली पपायरसची फाटकी पट्टी. तरीही त्या तुकड्यांवरून अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका बाईचा आवाज आपण ओळखतो, निदान ओळखतो असे म्हणतो. म्हणजे तीही जीवांवरूनच काढलेली आकृती. सिल्व्हियाची कथा तर आणखी पुढची. तिला दोन चंद्र आहेत हे २००५ मध्ये जाहीर झाले. २०१३ च्या जानेवारीत युरोपातील हौशी निरीक्षकांनी तिचे पिधान टिपले तेव्हा त्यांपैकी काहींच्या नोंदीत तिच्या एका चंद्राची सावलीही सापडली. पॉग्सनला जो केवळ एक ठिपका म्हणून मिळाला होता, त्याचे घर असे दीडशे वर्षांनी भरले.

प्रत्यक्ष रात्री माझ्याकडे सहा इंची दुर्बीण आली. तिचा आरसा भाच्याने स्वतः घासून केलेला. त्याच्या आठ इंची दुर्बिणीला छोटा व्हिडिओ कॅमेरा आणि प्रत्येक चित्रचौकटीवर उपग्रहाकडून आलेली वेळ छापणारे यंत्र. पूर्वी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेहून लघुलहरींवर वेळेचे ठोके येत, ते ट्रान्झिस्टरवर लावून माणसे शेजारी बोलत आणि दोन्ही एकाच फितीवर मुद्रित करीत. माझ्यासाठी त्याने तोच प्रकार नव्या यंत्रावर मांडला: वेळेचा टिकटिक आवाज आणि माझा आवाज. त्याचा एक मित्र चेंगलपट्टूला, दुसरा आणखी दक्षिणेला, किनाऱ्यालगत. सावलीची मध्यरेषा आमच्या दक्षिणेकडून जाणार होती. आमची गच्ची पट्ट्याच्या उत्तर कडेवर, आत की बाहेर हे सांगता येणार नाही अशा जागी. मध्यावर सुमारे चार सेकंद तारा जाईल. आमच्याकडे गेलाच तर पळभर. नोंद लिहून होईपर्यंत एकमेकांना फोन करायचा नाही, हा त्यांचा दंडक.

"का रे?" मी विचारले.

"त्याला दिसलं असं कळलं की मलाही दिसल्यासारखं वाटायला लागतं, मामा."

समीक्षेच्या पदव्युत्तर वर्गात हे वाक्य मी कधी इतक्या सोप्या रीतीने सांगू शकलो नाही.

मी बसलो. तारा नवव्या प्रतीचा, म्हणजे नुसत्या डोळ्याला न दिसणारा, दुर्बिणीत मिणमिणता. त्याच्याकडे थेट पाहिले की तो बुजतो, किंचित बाजूला पाहिले की उजळतो. दहा मिनिटे असे पाहणे किती अवघड आहे हे ज्याने केले त्यालाच कळेल. डोळ्यांत पाणी येते. मान अवघडते. कानाशी डास. शेवटच्या मिनिटात एक विमान उतरू लागले आणि त्याचा आवाज वाढत गेला. बहीण जिन्याच्या दाराशी उभी होती. तिला श्वास रोखायची काही गरज नव्हती, पण तिने तो रोखला होता.

आणि मी म्हणालो, "गेला." लगेच, "आला."

भाचा माझ्याकडे वळला नाही. वेळ संपूनही आणखी दोन मिनिटे तो स्थिर होता, हाही त्यांचा नियम. चंद्र असला तर तो आगेमागे सापडतो. मग तो लॅपटॉपकडे गेला आणि त्याचा चेहरा उतरला. मुद्रण निर्धारित वेळेच्या चाळीस सेकंद आधीच थांबले होते. तार सैल झाली होती. त्या गच्चीवरून त्या क्षणाची साक्ष आता एकच उरली: माझे दोन शब्द.

"मामा, खरंच गेला?"

मी 'हो' म्हणणार होतो. तो शब्द ओठांवर आला होता हे मला येथे लिहिले पाहिजे. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी पहिल्याच रात्री आकाशाच्या नकाशात आपली एक रेघ पडावी, हा मोह लहान नव्हता. शिवाय भाच्याचा चेहरा. 'हो' म्हटले असते तर त्याची रात्र वाया गेली नसती.

आम्ही मुद्रण ऐकले. विमानाची घरघर, टिकटिक, आणि त्यात माझा 'गेला', अर्ध्या सेकंदाने 'आला'. मी ते तीन-चार वेळा ऐकले. 'गेला' च्या आधी एक लहानसा श्वास ऐकू येत होता, बोलण्याची तयारी केल्यासारखा. तारा जाण्याआधीच मी तयार होतो काय? आणि अर्ध्या सेकंदात माणूस दोन शब्द म्हणतो खरे, परंतु दिसणे, कळणे आणि जिभेने हलणे यांनाच पाव सेकंद लागतो. सावली सेकंदाला सतरा किलोमीटर चालली असेल तर माझ्या जिभेच्या आळसात चार किलोमीटर हरवतात.

भाच्याने किनब्रुकची हकीकत सांगितली. डेव्हिड किनब्रुक हा ग्रिनिचच्या वेधशाळेतला साहाय्यक. मद्रासचा स्तंभ उभा राहिल्यानंतर तीन-चार वर्षांतली ही गोष्ट. तारा दुर्बिणीतल्या तारेमागून केव्हा गेला याच्या त्याच्या नोंदी राजज्योतिषी मॅस्केलिनच्या नोंदींपेक्षा सुमारे आठ दशांश सेकंद उशिराच्या येऊ लागल्या. मॅस्केलिनने त्याला कामावरून काढले. कित्येक वर्षांनी बेसेलच्या वाचनात ही हकीकत आली, त्याने स्वतःच्या आणि इतर नामवंतांच्या नोंदी ताडून पाहिल्या आणि असे निघाले की प्रत्येक निरीक्षकाचा असा एक उशीर असतो, कोणाचा थोडा, कोणाचा अधिक. त्याला पुढे 'वैयक्तिक समीकरण' हे नाव पडले. किनब्रुक तोवर जगात नव्हता.

डोळ्याने पाहिलेल्या अशा पळभराच्या लोपांनी मोठमोठ्यांना चकविले आहे. १९७८ मध्ये हर्क्युलिना या लघुग्रहाच्या पिधानात एका निरीक्षकाला मुख्य लोपाखेरीज आणखी एक लोप दिसला आणि तिला चंद्र असल्याचे बोलले गेले. १९९३ मध्ये हबल दुर्बिणीने शोध घेतला तेव्हा तो सापडला नाही. याच्या उलटही घडते. १९७७ च्या मार्चमध्ये, याच तमिळनाडूत, कावलूरच्या वेधशाळेत जे. सी. भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी यांनी युरेनसच्या पिधानाच्या वेळी ताऱ्याचे तेज एकदा घटलेले टिपले. त्यांनी त्याचा अर्थ नवा उपग्रह असा लावला. वस्तुतः ते युरेनसचे कडे होते. कडी आहेत हे त्याच रात्री विमानातून वेध घेणाऱ्या अमेरिकी गटाला उमगले. कावलूरचे दिसणे खरे होते, फक्त त्याचे नाव निराळे निघाले. आणि त्यांच्याकडे यंत्राची रेघ होती. माझ्याकडे काय होते?

अशा वेळी माणसाला आपले जुने व्यवहार आठवतात. मी तिशीत असताना एका नियतकालिकात एका नव्या कवीच्या पहिल्या संग्रहाचे परीक्षण लिहिले होते. सगळ्या संग्रहातील एका कवितेत मला एका ज्येष्ठ कवीची सावली दिसली. एकाच. तेवढ्यावरून मी लिहिले की हा कवी स्वतःच्या आवाजात बोलत नाही. वाक्य चांगले जमले होते. ते पुढे दोन-तीन जणांनी उद्धृत केले, एकाने तर मूळ संग्रह न वाचताच. ते त्याच्या लेखावरून दिसत होते. एकाला दिसले म्हणून दुसऱ्यालाही दिसू लागले. त्या कवीचा दुसरा संग्रह आला नाही. त्याची कारणे दुसरीही असतील, असणारच. परंतु मी त्या वेळी तो संग्रह पुन्हा वाचला नव्हता, आणि मला खरेच काय दिसले होते, सावली की माझीच पापणी, हे स्वतःला विचारलेही नव्हते. परीक्षणात खात्रीचा रकाना नसतो.

पिधानाच्या नोंदीत असतो. भाच्याने अर्ज उघडला आणि विचारले, "काय लिहू?"

मी सांगितले, "लिही: निरीक्षक प्रथमच बसलेला. अर्ध्या सेकंदाचा लोप दिसल्याचे म्हणतो. पापणी लवल्याची शक्यता नाकारता येत नाही. खात्री कमी."

त्याने ते इंग्रजीत लिहिले, मला वाचून दाखविले आणि पाठविले. मगच फोन केला. चेंगलपट्टूच्या मित्राला तारा चार सेकंदांना किंचित कमी इतका वेळ गेलेला होता, कॅमेऱ्यात स्वच्छ. किनाऱ्यावरच्याच्या वाट्याला ढग. म्हणजे एक पक्की जीवा आणि एक संशयास्पद. भाच्याने कागदावर दोन आकृत्या काढल्या. माझी नोंद धरली तर खडक एका बाजूला फुगतो. सोडली तर तो त्याच्याविषयी आधी ठाऊक होता तेवढाच राहतो. दोन्ही शक्य. तो म्हणाला, पुढच्या एखाद्या पिधानात कळेल, कदाचित दहा वर्षांनी, कदाचित दुसऱ्याच देशात. त्याच्या आवाजात उतावीळ नव्हती. बहिणीने कॉफी आणली तेव्हा दीड वाजला होता आणि दुर्बिणीच्या नळीवर दव साचले होते.

पुण्याला परतल्यावर मी तो संग्रह शोधला. माझ्या कपाटात तो नव्हता. परीक्षणासाठी आलेली प्रत मी केव्हाच कोणाला देऊन टाकली असावी. एका जुन्या ग्रंथालयात मिळाला. शेवटच्या पानावरच्या चिठ्ठीवर गेल्या तीस वर्षांत एकही शिक्का नव्हता. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "सर, हा घरी न्या ना, कोणी मागत नाही." मी तेथेच खिडकीशी बसून वाचायला घेतला. ती कविता बाविसाव्या पानावर आहे. मी पहिल्या पानापासून सुरुवात केली.